खाली ओढलेला शेरा

घरातल्या प्रत्येक लग्नात मी टॉवेल-टोपीची गोष्ट सांगायचो. ती सांगितल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे.

गोष्ट दादाच्या लग्नातली. वहिनीच्या माहेरच्यांनी मानपान केला, तेव्हा आमच्याकडच्या झाडून सगळ्या पुरुषांना पूर्ण पोशाखाचं कापड दिलं. दादाच्या विद्यापीठातल्या मित्रांनासुद्धा दिलं. माझी पाळी आली तेव्हा वहिनीच्या काकांनी एक टॉवेल आणि एक पांढरी टोपी माझ्या हातात ठेवली आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. मी नवऱ्या मुलाचा सख्खा धाकटा भाऊ. पण दादा शिकलेला, बँकेत लागलेला, आणि मी दहावीनंतर हैदराबादच्या सुलतान बाजारात दुसऱ्याच्या दुकानात कापडाची थानं उचलणारा. शिकवायला एकाचीच ऐपत होती म्हणून वडिलांनी थोरल्याला शिकवलं, त्यात माझा काय दोष? ती टोपी मी मांडवातच भिरकावणार होतो. आईने मनगट धरलं म्हणून राहिलो. ते चूक होतं, हे मी आजही म्हणतो.

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की घरात तिची म्हण झाली. कुणाच्या ताटात लहान लाडू पडला की तो म्हणायचा, मला टॉवेल-टोपी का? सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मला ते हसणं कधी पटलं नाही.

आता सुलतान बाजारात माझं स्वतःचं साड्यांचं दुकान आहे. आधी दुसऱ्याच्या ओट्यावर बसलो, मग अर्धा गाळा घेतला, मग पूर्ण. माझ्याशी भाव करून जिंकलं असं गिऱ्हाईक त्या गल्लीत दाखवा. डोकं गरम आहे, ते मला माहीत आहे. शेजारचा दुकानदार रोज शटर उघडताना विचारतो, "क्या सेठ, सुबा सुबा गरम होरे क्या?" मी म्हणतो, "हौ, तुमको देखके."

दादाची मुलगी लहान होती तेव्हापासून रविवारी बरकतपुऱ्याहून दुकानात यायची. गादीवर बसून मिरची भजी खायची आणि गिऱ्हाईक गेल्यावर मी कसा भाव केला त्याची नक्कल करायची. मला मुलं नाहीत. ती मला 'अरे काका' म्हणायची, आणि दादा रागावला तर म्हणायची, "बाबा, तुम्ही साहेब आहात, काका माझा दोस्त आहे." दादासमोर हे ऐकताना मला किती बरं वाटायचं, ते लिहीत नाही.

तिने लग्न ठरवलं तो मुलगा तारनाक्याचा, तिच्याच कंपनीतला. बौद्ध. आम्ही मराठा. त्याचे आजोबा परभणीकडून हैदराबादला आले, आमचेही तिकडूनच. दादाने "ती सज्ञान आहे" एवढंच म्हटलं आणि पेपर उघडला. वहिनी रडत बसली. नांदेडहून नातेवाइकांचे फोन सुरू झाले, ते सगळे मी घेतले. एकाला म्हटलं, "तुझ्या पोरीचं जातीत लग्न केलंस, ती आज कुठे राहते ते सांगू का सगळ्यांना?" फोन बंद झाले. पुतणी दुकानात येऊन म्हणाली, "काका, बैठकीत तूच बोलायचं. बाबा नुसतं भाषण देतील." त्या दिवशी मी कोणत्याच गिऱ्हाइकावर ओरडलो नाही.

बैठक तारनाक्याला, मुलाच्या घरी झाली. त्याचे वडील नाहीत. आई रेल्वेच्या कचेरीत हिशेब विभागात, निवृत्तीला आलेली. कमी बोलणारी बाई.

"आमच्यात मानपान नसतो," त्या म्हणाल्या. "देणं नाही, घेणं नाही. पांढरे कपडे, वंदना, जेवण. अर्ध्या तासात लग्न लागतं."

"ताई, अर्ध्या तासात मी एक साडी विकत नाही," मी म्हणालो. सगळे हसले. "आमची एकुलती एक पोर. तुमच्याकडच्या बायकांना साडीसुद्धा दिली नाही तर वहिनीने चार माणसांत तोंड कसं दाखवायचं?"

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीचे डोळे लाल होते.

"बरं," त्या म्हणाल्या. "साडी द्या. पण सगळ्यांना सारखी."

"सारखी. ठरलं."

परत येताना गाडीत वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होता म्हणून." मी खिडकीबाहेर पाहत बसलो, पण मनात पेढे वाटत होतो.

नवरीने पांढरं नेसायचं, हे वहिनीला पचत नव्हतं. तेही मी माझ्यावर घेतलं. गदवालच्या विणकराकडे स्वतः जाऊन एक शुभ्र साडी विणून घेतली, काठाला बोटभर जर. त्याने जो भाव सांगितला तो मी दिला. धंद्यात आल्यापासून मी घासाघीस न करता घेतलेली ती एकच वस्तू असेल.

आता मानपानाच्या साड्यांच्या यादीबद्दल. आमच्या धंद्यात साडीच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत आकड्यांऐवजी अक्षरांत लिहायची जुनी रीत आहे. कोणतं अक्षर म्हणजे कोणता आकडा, ते फक्त मालकाला माहीत. चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असते, पण त्याला ती वाचता येत नाही. दुकानात कॉम्प्युटर आल्यावर मी हीच सवय तिकडे नेली. गिऱ्हाइकांचं एक शीट केलं. नाव, नातं किंवा ओळख, मग दर्जा, म्हणजे कोणता माल दाखवायचा, एक भारी, दोन मधला, तीन साधा, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी मनातलं लिहितो. 'रडते, पण घेते.' 'नवऱ्यासमोर भाव सांगू नये.' ते शीट कुणी पाहत नाही.

मानपानाची यादी मी त्याच साच्यात केली. एका फाईलमध्ये दोन शीटं, आपल्याकडचे आणि त्यांच्याकडचे. आपल्याकडच्या प्रत्येक बाईपुढे विचार करून लिहिलं. हिला जांभळा चालत नाही. ही रुसते, आधी हिला द्यावी. आत्याला रुंद काठ हवा, नाहीतर जेवणार नाही. त्यांच्याकडची नावं पुतणीने सांगितली. पहिल्या नावापुढे मी दर्जा तीन लिहिला, शेरा लिहिला, आणि रकान्याचा कोपरा धरून शेवटच्या नावापर्यंत खाली ओढला. असं ओढलं की तोच मजकूर सगळ्या ओळींत आपोआप भरतो. काम झालं, मी चहा मागवला. शेऱ्यात काय लिहिलं, हे तासाभराने मला कुणी विचारलं असतं तर आठवलं नसतं.

मग लग्नाचं वेळापत्रक केलं. हॉल, गाड्या, जेवणाच्या वेळा, सगळं एका मोठ्या शीटमध्ये. दोन्ही घरी तेच पाठवायचं होतं. मधोमध साड्यांची यादी हवी होती, म्हणजे राहिलेली नावं ज्यांची त्यांनी घालावीत. पुतणीला फोन करून विचारलं, एका शीटमध्ये दुसरं शीट बसवतात कसं?

"काका, नको रे. यादीचा फोटो लाव सरळ."

"फोटोत दुरुस्ती कोण करणार? तुझा बाप?"

"अरे, शीट आत घातलंस तर..."

"तू कसं घालायचं तेवढं सांग."

तिने सांगितलं. इन्सर्ट, मग ऑब्जेक्ट, मग फाईल निवडायची. यादी मोठ्या शीटच्या मधोमध खिडकीसारखी येऊन बसली. मी त्या खिडकीच्या कडा ओढून लहान केल्या, इतक्या की फक्त नाव आणि नातं दिसावं. दर्जा आणि शेरा दिसेनासे झाले, म्हणजे गेले, असं मी धरून चाललो. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं की मागचा माल रस्त्यावरून दिसत नाही, तसं. यादीच्या वर लाल अक्षरांत लिहिलं, 'दोनदा क्लिक करून उघडा आणि आपल्याकडची नावं तपासा.' आणि पाठवून दिलं.

दादाने ते मोबाईलवर पाहिलं. मोबाईलवर आतली फाईल उघडत नाही, नुसती खिडकी दिसते. त्याने फोन करून सांगितलं, "छान केलंयस रे." दादाने माझ्या कामाला छान म्हटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मुलाच्या आईने ते कचेरीतल्या कॉम्प्युटरवर पाहिलं.

तीन-चार दिवसांनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, त्या एकट्याच दुकानात आल्या. मला वाटलं, साड्या बघायला आल्या. मी गादी झटकली, चहा सांगितला. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवर.

"भाऊ, माझ्या धाकट्या नणंदेचं नाव राहिलं होतं. ते घालायला यादी उघडली. माझ्या सासूबाईंच्या नावापुढे तुम्ही काय लिहिलंय?"

"कुठे, ताई?"

"शेऱ्यात."

"रंगबिंग असेल काहीतरी."

"'साधी चालेल. यांना काय कळतंय.'" कचेरीत नोंद वाचून दाखवावी तसं त्यांनी म्हटलं. आवाज चढला नाही, उतरला नाही.

माझ्या तोंडातून जे आलं ते हे, "दुसऱ्याची फाईल आतपर्यंत उघडून बघायची, ही कुठली रीत, ताई?"

"तुम्हीच पाठवलीत. उघडा म्हणून लाल अक्षरांत लिहिलंत."

"तुम्हीच म्हणालात सगळ्यांना सारखी! मी सारखीच धरली. मी शब्द पाळला."

"सारखी म्हणजे तुमच्या माणसांसारखी, भाऊ. आम्हाला आपसात सारखी नव्हे."

मग मी जे केलं ते आयुष्यभर केलेलं होतं, हात आपोआप गेला. फळीवरून भारी गदवाल साड्यांचा गठ्ठा खाली ओढला. "बरं, चुकलं माझं. सगळ्यांना एक नंबर देतो. आत्ता निवडा, माझ्यासमोर. तुमच्या हाताने."

"मी साडी वाढवून घ्यायला आले का?" तेवढा एकदा त्यांचा आवाज वर गेला. मग पुन्हा खाली. "ऑटोत येताना विचार करत होते, हा माणूस आता काय करील. म्हटलं, भाव वाढवील."

गठ्ठा माझ्या हातात तसाच राहिला. खाली ठेवायचं सुचेना.

"मी जन्मभर रकाने भरले," त्या म्हणाल्या. "कोण कसं भरतं ते मला दिसतं. तुमच्या घरच्या बायकांपुढे तुम्ही एकेकीचं वेगळं लिहिलंय. कोण रुसते, कुणाला कोणता रंग चालत नाही. वाचून बरंसुद्धा वाटलं, माणूस आपल्यांना ओळखतो. आमच्याकडे आलात आणि एकच लिहून खाली ओढलंत. माझी सासू, माझ्या जावा, कॉलेजात जाणारी माझी भाची. एखादीला शिवी लिहिली असतीत तर म्हटलं असतं, तिचं काहीतरी खटकलं असेल."

"ताई, जातीचं काही नव्हतं हो त्यात. मी तर या लग्नासाठी घरच्यांशी भांडलोय."

"माहीत आहे. पोरीने सांगितलंय. म्हणून इथवर आले, नाहीतर फोन केला असता."

चहा आला. त्यांनी कप हातात घेतला.

"लग्न होईल," त्या म्हणाल्या. "पोरांनी काही केलेलं नाही. साड्या नकोत, एकही नको. तुमच्या वहिनींना मी समजावते, आमच्या वडीलधाऱ्यांनी नको म्हटलं असं सांगते. पण पोरीला तुम्ही सांगायचं, लग्नाच्या आधी. ती फाईल माझ्या मुलालाही गेली आहे. आज ना उद्या तो उघडील. मग तिला वाटेल, सासूला माहीत होतं आणि सासूने झाकून ठेवलं. मला तशी सुरुवात नको."

"ताई, हे नको. बाकी काहीही सांगा."

"बाकी काही नाहीच."

समोरच्याने शेवटचा भाव सांगितला तरी त्याखाली आणखी एक असतो, हे मी धंद्यात पहिल्या वर्षी शिकलो. त्या दिवशी मी तो मागितला नाही. चहा त्यांनी पूर्ण संपवला, कप बशीत नीट ठेवला, आणि त्या रस्त्याच्या गर्दीत निघून गेल्या.

पहिलं काम मी केलं ते फाईल पुसून टाकण्याचं. जणू ती माझ्याकडून गेली की सगळीकडून जाणार होती. नंतर दोन-तीन दिवस मी मनात वाक्यं बसवत होतो. कॉम्प्युटर आपोआप भरतो. जुन्या गिऱ्हाइकांच्या शीटमधून मजकूर चुकून आला. ही वाक्यं बसवताना मी स्वतःशीच इतका पटकन राजी होत होतो की मला माझाच राग आला, आणि तो राग मी साडी घेऊन आलेल्या विणकराच्या माणसावर काढला.

रविवारी पुतणी आली. पांढऱ्या साडीवर ब्लाउजचं कापड जुळवायचं होतं. साडी काउंटरवर उलगडलेली होती आणि ती काठावरून बोट फिरवत होती.

"ते शीट मी आत बसवलं ना," मी म्हणालो, "ते पूर्ण उघडलं तिकडे."

ती हसली. "मी म्हटलं होतं फोटो लाव! काय दिसलं त्यांना? तुझे भाव?"

"शेरा दिसला."

"कसला?"

"साधी चालेल, असा."

"एवढंच?" तिने मान वर केली. मला ती ओळखते. "काका, एवढंच?"

"पुढे होतं थोडं. यांना काय कळतंय, असं."

"कुणापुढे?"

"सगळ्यांपुढे. ते खाली ओढलं गेलं."

"ओढलं गेलं नाही. तू ओढलंस."

रस्त्यावर बस अडकली होती, हॉर्न चालू होते. ती माझ्याकडे बघत होती आणि मी साडीकडे. मग ती म्हणाली, "टॉवेल-टोपी."

घरात हा शब्द हसल्याशिवाय कुणी उच्चारलेला नव्हता. मी भडकलो. "ते वेगळं होतं! मी सख्खा भाऊ होतो!"

"आणि या कोण आहेत?" ती म्हणाली. "माझ्या कोण होणार आहेत?"

तिने साडीची घडी केली, मी शिकवलेली, काठ आत ठेवून. घडी माझ्याकडे सरकवली. "ही मी नेसणार नाही."

"अगं, ही त्या यादीतली नाही. हिचा मी भावसुद्धा केला नाही."

"माहीत आहे. म्हणूनच."

ती निघाली तेव्हा मी पायरीपर्यंत मागे गेलो आणि म्हणालो, "तुझ्या बापाला सांगू नकोस, एवढं कर."

तिने वळून पाहिलं. "नाही सांगणार," ती म्हणाली, आणि ऑटोला हात केला.

शेरा लिहिला तेव्हा मी विचार केला नव्हता, असं निदान म्हणता येतं. हे मात्र मी विचार करून मागितलं होतं. तिचं लग्न, तिची सासू, सगळं डोळ्यांसमोर असताना मला भीती कसली होती, तर दादा काय म्हणेल याची.

लग्न बरकतपुऱ्यातल्या हॉलमध्ये झालं. खरंच अर्ध्या तासात लागलं. पुतणीने साधी पांढरी सुती साडी नेसली होती, सासूने दिलेली, काठाला एक निळी रेघ. वहिनीला तिने सांगितलं, सासूबाईंचा मान म्हणून. ती आनंदात होती आणि चेहरा उजळलेला होता. वाकून नमस्कार करताना माझ्याही पायांना हात लावला, सगळ्यांच्या लावला तसाच.

दादा माझ्या कानाशी म्हणाला, "तू विणून आणलेली कुठाय?"

"काठ जरा भडक झाला होता."

"तुझ्या पसंतीला कुणी नाही म्हटलं? कमाल आहे," दादा म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

जेवायला बसलो तेव्हा मुलाच्या आईने आपल्या सासूबाईंना आणून माझ्या शेजारी बसवलं. "यांच्याकडे लक्ष ठेवा हं, भाऊ, गोड जास्त खातात," एवढंच म्हणून त्या वाढायला गेल्या. मला म्हाताऱ्या बाईंचं नाव चेहऱ्याच्या आधी ठाऊक होतं. यादीतली पहिली ओळ. बोटांनी लिहिलेली तेवढी एकच, बाकीच्या तिच्याखाली ओढलेल्या.

मी काहीतरी विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं. मी उठून त्यांच्या उजवीकडे जाऊन बसलो.

"तुमी पोरीचे चुलते नव्हं?" त्या म्हणाल्या. "साडीवाले?"

"हौ, आजी."

"पोरीनं तुमची भारी साडी बाजूला ठिवली म्हनं, अन् सुनंनं दिल्याली साधी नेसली. मी सुनंला म्हनले, पोरीला लई चांगलं वळण हाय. सून म्हनली, चुलत्याच्या दुकानात वाढल्याली हाय ती."

पलीकडून दादा मोठ्याने म्हणाला, "त्याचीच लाडकी हो! आमचं कुठे ऐकते!"

आजी माझ्याकडे बघून हसत होत्या, मी काही बोलेन म्हणून कान पुढे केलेला. चांगला कान. समोरच्या रांगेत मुलाच्या आई वाढता वाढता थांबल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही, कारण मी मान वर केली नाही.

"आजी," मी म्हणालो, "जिलबी घ्या."